उन्हाची नोंदवही

३० मे २०२४ रोजी नागपूरचा पारा ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर फिरली. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली होती, त्यामुळे लोकांचं मन असला आकडा ऐकायला तयारच होतं. दिवस नवतप्याचे होते आणि ऊन खरोखर भाजून काढत होतं, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पुढे हवामान खात्याने खुलासा केला की नागपूरच्या त्या स्वयंचलित केंद्रातला संवेदक बिघडला होता. शहराच्या परिसरात ज्या केंद्रांचे संवेदक धड होते, त्यांनी ४४ अंशांच्या आसपास तापमान दाखवलं होतं. नागपूरचा अधिकृत उच्चांक आजही २३ मे २०१३ चाच आहे, ४७.९ अंश सेल्सिअस. चुकीची बातमी मागे घेतली गेली आणि विषय तिथेच मिटला. मला मात्र त्या खुलाशानंतरची शांतता जास्त खटकते. ५६ खोटे ठरले तरी ४४ खरेच होते, आणि त्या ४४ अंशांत शहरातल्या कोणत्या घरात काय चाललं आहे, हा प्रश्न ५६ च्या गदारोळात मागे पडला तो पडलाच.

तापमानाचा अधिकृत आकडा कसा येतो, हे माहीत असायला हवं. वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जमिनीवर, माणसाच्या खांद्याच्या आसपासच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याच्यावर थेट ऊन पडू नये आणि हवा मात्र खेळती राहावी, अशी ती रचना असते. म्हणजे सरकारी पारा हा कायम सावलीतला पारा. जगभर तुलना करता यावी म्हणून तो तसाच असायला हवा, त्यात खात्याची काही चूक नाही. पण नागपूरची जुनी वेधशाळा शहराच्या दक्षिणेकडे सोनेगावच्या विमानतळावर आहे आणि जरीपटक्याची दाट वस्ती शहराच्या उत्तर टोकाला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेला, मराठ्यांच्या निशाणाचं नाव मिरवणारा हा भाग आज गजबजलेली बाजारपेठ झाला आहे. शेजारी इंदोरा, पुढे नारा-नारी, एका अंगाने गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी. अशा दाट भागात दिवसभर सिमेंट, डांबर आणि विटा ऊन पितात आणि रात्री ते परत सोडतात. टिनाच्या छपराखाली दुपारी हवा बाहेरच्यापेक्षा तापते. कूलर चालतो तो हवा कोरडी असेल तोवर. मे संपता संपता ओलावा वाढला की तोच कूलर घरात नुसती चिकचिक करतो, कारण पाण्याची वाफ होण्यावरच त्याचं गारवा देणं अवलंबून असतं. अंगावरच्या घामाचं गणितही तेच. त्यामुळे एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच आकड्याखाली दोन वेगळे उन्हाळे चालू असतात. एक सावलीतल्या पेटीत मोजला जातो. दुसरा मोजायला माणूसच जावा लागतो.

तो माणूस म्हणजे वार्ताहर. हवामानबदल आणि त्याचा मार आधी झेलणारी माणसं, या विषयावर कुणी आयुष्यभर पत्रकारिता केली तर तिचा उपयोग काय, असं विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: अशी कारकीर्द हेच एक मोजमापाचं साधन असतं, आणि दुसऱ्या कोणत्याही साधनाने तिची जागा भरून निघत नाही. यात आपल्या भाषेची एक अडचण आहे. आजचा पाऊस, उद्याचं ऊन यालाही आपण हवामान म्हणतो आणि तीस-चाळीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो. हिंदीने निदान मौसम आणि जलवायू असे दोन शब्द वेगळे ठेवले. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी येतात आणि वाचकाला वाटतं की कालची गारपीट म्हणजेच हवामानबदल. एका बातमीत फक्त आजचं हवामान असतं. बदल दिसतो तो त्याच गावात, त्याच हंगामात, दहा वर्षं परतपरत गेल्यावर. म्हणून या विषयात एका जागी टिकून राहणं हा स्वभावाचा गुण नव्हे, ती कामाची पद्धत आहे.

नागपुरातलंच उदाहरण घ्यायचं तर जयदीप हर्डीकर यांचं घेता येईल. नागपुरात राहून विदर्भाच्या शेतीवर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ लिहिलं आहे. दैनिकांतून लिहिलं, पुढे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहासाठी लिहिलं. त्यांची दोन इंग्रजी पुस्तकं आहेत. २०१३ मधलं प्रकल्पांमुळे उठवल्या गेलेल्या गावांवरचं, आणि २०२१ मधलं ‘रामराव’, यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक पिऊन वाचलेल्या एका कापूस शेतकऱ्याच्या आयुष्यावरचं. दुसऱ्या पुस्तकाची निवडच बोलकी आहे. आत्महत्या केलेला शेतकरी बातमीत येतो, यादीत येतो, मदतीला पात्र की अपात्र या रकान्यात बसतो. वाचलेला शेतकरी कुठेच बसत नाही. तो वाचल्यानंतर कर्ज तसंच असतं, पाऊस तसाच असतो, आणि लिहायला कुणी आलेलं नसतं. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं राहूनच संकट ही घटना नसून रोजचं जगणं असतं, हे दाखवता येतं.

या पद्धतीचं मोल सर्वांत स्पष्ट दिसलं ते २०१७ च्या यवतमाळमध्ये. त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांत विदर्भात कपाशीवर फवारणी करताना सुमारे ५० शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले आणि हजाराहून अधिक आजारी पडले. काहींची दृष्टी अधू झाली. पहिल्या बातम्या सरळ होत्या: शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधलं नाही. म्हणजे दोष मेलेल्याचाच. ज्यांना कपाशीचं शेत ठाऊक होतं त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. फवारणी तर दरवर्षीच होते, मग याच वर्षी असं का? हर्डीकरांनी यवतमाळवर लिहिलेल्या वृत्तमालिकेत हा गुंता उलगडत गेला. बीटी वाण ज्या गुलाबी बोंडअळीला रोखणार होतं ती पुन्हा जोमाने आली होती. त्या हंगामात कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, दाट लागवडीत हवा कोंडली होती, दमटपणा खूप होता. डोक्याच्या वर गेलेल्या झाडावर पंप वर धरून फवारायचं म्हणजे औषधाचे कण स्वतःच्याच अंगावर घ्यायचे. त्यात एकात दुसरं मिसळून केलेली जहाल मिश्रणं, दुकानदाराच्या सल्ल्यावर चाललेली निवड, आणि विषबाधा ओळखून उपचार करण्याच्या सोयींचा दवाखान्यात तुटवडा. यातलं एकही कारण एकटं माणूस मारायला पुरेसं नव्हतं. ओली हवा, परतलेली अळी, उंच झाड, स्वस्त पंप, मजुरीवर फवारणारा भूमिहीन माणूस, या सगळ्यांची गाठ एका शेतात पडली. हवामानाने गरिबाला मारणं म्हणजे बहुतेक वेळा असं असतं. वादळासारखं नाव नसलेलं, आणि म्हणून वादळासारखं मथळ्यात न येणारं.

‘पारी’ने पुढे हवामानबदलावर देशभरातल्या वार्तापत्रांची जी मालिका केली, तिच्या मागेही हाच विचार होता. तिच्यात वर्सोव्याच्या खाडीतले कोळी होते, सांगोल्याचे शेतकरी होते, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळ काढणाऱ्या बाया होत्या, लडाखचे पशुपालक होते. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होऊन बसतात आणि रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तो ‘हवामानबदल’ हा शब्द वापरत नाही. मृग कोरडा गेला, नक्षत्रं फिरली, असं म्हणतो. वार्ताहराचं काम त्याच्या बोलण्याला पर्जन्यमापकाच्या नोंदीशेजारी ठेवून पाहण्याचं आहे. दोन्ही जुळलं तर लिहायचं, नाही जुळलं तर का नाही ते शोधायचं. कोल्हापूरकडे संकेत जैन यांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ तालुक्यात आशा सेविकांच्या आणि इतर बायकांच्या आरोग्याचा माग घेतला. पाणी ओसरल्यावर जे मागे राहतं, त्याचा. लातूरचे अतुल देऊळगावकर तर १९९३ च्या भूकंपापासून आपत्ती आणि पर्यावरण यांवर मराठीत सातत्याने लिहीत आले आहेत. या सगळ्यांच्या आधी साईनाथ यांनी देशातल्या दहा अतिगरीब जिल्ह्यांतून पाठवलेली ८४ वार्तापत्रं होती, ज्यांतल्या अनेकांचं १९९६ मध्ये पुस्तक झालं. दुष्काळ हा पावसाइतकाच कारभाराचा विषय आहे, हे त्या पुस्तकाने पत्रकारांच्या एका पिढीला शिकवलं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप नागपुरात हमखास ऐकू येतो: ऊन काय आजचं आहे? आमचे आजोबाही वाळ्याचे पडदे लावून, कांदा खिशात ठेवून उन्हाळे काढत होते. खरं आहे. नागपूर तापणारं शहर होतं आणि आहे. पण प्रश्न उन्हाळा होता का हा नाही, त्याच्या कडक दिवसांची शक्यता किती वाढली हा आहे, आणि तो आता मोजता येतो. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या अकाली उष्णतेच्या लाटेचा शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यास केला, तेव्हा माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे ३० पटींनी वाढल्याचं दिसलं. शिवाय आजोबांचा वाळा हा जाड भिंतींच्या, कौलारू, अंगणातल्या कडुलिंबाच्या घराचा वाळा होता. ते घर गेलं, अंगण गेलं, टिन आलं. उष्णता आणि तिला तोंड देण्याची सोय, दोन्ही एकाच वेळी उलट्या दिशांनी बदलल्या आहेत, आणि आठवणीतला उन्हाळा या दोन्हींपैकी एकही मोजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि माझ्या मते प्रत्येक वार्ताहराने तो रोज स्वतःला विचारावा. सगळं हवामानबदलावर ढकललं की महापालिका सुटते, बिल्डर सुटतो, पाटबंधारे खातं सुटतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोरभवनचं बसस्थानक पाण्याखाली गेलं, माणसं दगावली आणि हजारो घरांचं नुकसान झालं. ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकायला ती परिस्थिती अगदी सोयीची होती. पण तलावाच्या सांडव्याच्या वाटेत काय उभं केलं गेलं, नदीचं पात्र किती अरुंद झालं, हे प्रश्न लोकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेले. हवामानाचं चांगलं वार्तांकन निसर्ग आणि कारभार या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नाही. ते तीन वेगळे हिशेब मांडतं: आकाशातून काय आलं, त्याच्या वाटेत कोण होतं, आणि ते झेलण्याची त्याची ताकद किती होती. पहिल्याचं उत्तर वेधशाळा देते. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर नगररचनेच्या नकाशात, घराच्या पट्ट्यात, मजुरीच्या दरात असतं. ज्याच्या नावावर जागेचा पट्टा नाही त्याला घरासाठी कर्ज मिळणं कठीण, म्हणून तो टिन बदलून स्लॅब टाकत नाही. त्याच्या घरातला उन्हाळा ही महसूल कार्यालयाचीही गोष्ट असते. असं लिहिल्याने प्रशासन सुटत नाही, उलट सापडतं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट ही नावं त्या दिवशीच्या बातम्यांत सतत येत राहिली. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, पूर्व नागपुराकडे जाताना काठाला कोण राहतं, हे ठाऊक असायला मात्र आधीपासून तिथे जाणं-येणं असावं लागतं.

उष्णतेत तर हा हिशेब आणखी अवघड. पूर घरात चिखल सोडून जातो, ऊन काहीच सोडत नाही. उन्हाने गेलेला म्हातारा कागदावर हृदयविकाराने गेलेला असतो, आणि रस्त्याच्या कडेला सापडलेला देह अनोळखी म्हणून नोंदवला जातो. उष्माघाताच्या मृत्यूंबद्दल देशातल्या वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. ही फक्त आपली गोष्ट नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत लाट आली तेव्हा शवचिकित्सा विभागाचे प्रमुख एडमंड डोनह्यू यांनी मृतांचा आकडा सांगितला आणि महापौरांनीच त्यावर शंका घेतली. पुढच्या अभ्यासात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाल्याचं निष्पन्न झालं. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नंतर शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या ताडून पाहिल्या. ऊन तेच, गरिबीही जवळपास तीच, पण जिथे बाजार चालू होता, रस्त्यावर वर्दळ होती, एकटे म्हातारे बाहेर पडत होते, तिथे माणसं कमी मेली. अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं अभ्यासातून पुढे आलं, आणि त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. नागपूरनेही नंतर तो मार्ग धरला. पाणपोया, दुपारी उघडी ठेवलेली उद्यानं, सिग्नलवरच्या हिरव्या जाळ्या त्यातूनच आल्या. म्हणजे आधी मोजणी झाली, मग धोरण आलं. मोजणी नसेल तर काय होतं, तेही पाहा. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत पूर, गारपीट, दुष्काळ, भूकंप होते, थंडीची लाटसुद्धा होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात त्या यादीत उष्णतेची लाट नव्हती. राज्याने आपल्यापुरती स्थानिक आपत्ती ठरवून मर्यादित खर्च करावा, एवढीच सोय होती. विदर्भाला हे किती महागात पडलं, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ नको.

तिसरा आक्षेप पत्रकारितेच्या आतूनच येतो: ही बातमीदारी नव्हे, चळवळ आहे. कोराडीचं उदाहरण घेऊ, कारण ते जरीपटक्यापासून लांब नाही. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली ती २९ मे २०२३ रोजी, ऐन नवतप्यात. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, खसाळ्याचा राखेचा बांध फुटून राख शेतांत आणि नदीत गेली होती. या दोन गोष्टी एकाच लेखात लिहिणं म्हणजे चळवळ का? कोळशावर चालणारी वीज लागते, कूलर तिच्यावरच चालतो, आणि त्या वीजकेंद्रात काम करणारी घरंही आजूबाजूलाच आहेत, हे तिसरं-चौथं सत्य त्याच लेखात असेल तर ती पत्रकारिताच आहे. बाजू घेणं आणि हिशेब पुरा मांडणं यांत फरक आहे. अर्धा हिशेब मांडणारा माणूस तटस्थ दिसतो, एवढंच.

याहून मनाला लागणारा आक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर कारकीर्द उभी राहते, हा. पुरस्कार वार्ताहराला, फोटो शेतकऱ्याच्या बायकोचा. याला पुरतं उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव कुणी आणू नये. पण त्यातला अन्याय कमी करण्याचे मार्ग आहेत. छापून आलेलं त्याच माणसाला, त्याच्याच भाषेत वाचायला मिळावं. ‘पारी’ आपला मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणते, ते यासाठी फार मोलाचं आहे. मदत जाहीर झाल्यावर ती पोचली का, हे पाहायला परत जावं. आणि ज्या माणसाने आपली गोष्ट सांगितली तो फक्त पीडित नसून जाणकारही आहे, हे लेखातून दिसावं. पाऊस कधी लांबतो हे पऱ्हे लावणाऱ्या बाईला कुठल्याही बातमीच्या आधी कळलेलं असतं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरं अडतं ते तिथेच. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र असतं आणि त्याच्याकडून जाहिरातीही आणायची अपेक्षा असते. तरी काटोल-नरखेडच्या संत्र्याला गार लागली, वरूडला फळगळ झाली, ही दोन इंचाची बातमी तोच पाठवतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर अभूतपूर्व गारपीट झाली, तेव्हा तिच्या पहिल्या नोंदी अशाच दोन-दोन इंचांच्या होत्या. या बातम्या दहा वर्षांच्या ओळीने लावल्या तर महाराष्ट्राच्या हवामानबदलाचा एक दस्तऐवज हाती येईल, पण ओळीने लावायला कुणाला वेळ नाही आणि पगारही नाही. १९११ पासून नागपुरात ‘हितवाद’ निघतं, मोठमोठ्या मराठी दैनिकांच्या आवृत्त्या इथून निघतात. यांतल्या एखाद्या दैनिकाने एका वार्ताहराला पाच वर्षं फक्त उन्हाचं काम दिलं तर खर्च तो किती? क्रिकेटला वेगळा माणूस असतो, गुन्हेगारीला असतो. वर्षातले तीन-चार महिने ज्या शहराचा दिनक्रम ऊन ठरवतं, तिथे उन्हाला माणूस नाही.

असा कुणी उद्या नेमला गेलाच, तर त्याने विमानतळावरच्या पाऱ्याचा आकडा दूरध्वनीवर घ्यावा आणि मग उत्तरेकडे निघावं. जरीपटक्याचा बाजार दुपारी कधी बंद होतो, पाणपोईवर कोण थांबतं, पिवळ्या नदीच्या काठाला रात्री वीज किती वेळ जाते, हे त्याने लिहून घ्यावं. घरोघरी तेच तीन प्रश्न विचारावेत आणि दरवर्षी त्याच घरांत विचारावेत. छप्पर कशाचं आहे? पाणी किती वाजता येतं? रात्री कितीला डोळा लागतो? आणि दुसऱ्या वर्षापासून एक प्रश्न जास्त: गेल्या उन्हाळ्यात या खाटेवर जे बसले होते, ते कुठे आहेत?